पावतीवरची दुसरी ओळ

जानेवारी उजाडला की आमच्या अकाउंट्स खात्यात करबचतीच्या पावत्यांचा ढीग पडायचा. एलआयसीचे हप्ते, पीपीएफच्या पासबुकाच्या झेरॉक्स, होमलोनचं सर्टिफिकेट, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या घरभाड्याच्या पावत्या, पोरांच्या शाळेची फी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी पगाराचं काम बघते. शॉपमधून येणाऱ्या कागदांना मोल्डिंगची काळी वाळू लागलेली असते; फाईल आपटली की टेबलावर तिची बारीक रेघ उमटते. २०२५ च्या जानेवारीत क्वालिटीतली एक मुलगी असाच गठ्ठा घेऊन आली. तिची लेक तीन वर्षांची. बाकीच्या कागदांखाली एक गुलाबी, छापील पावती होती आणि तिच्यावर दोनच ओळी होत्या. पहिली नर्सरीची फी, वर्षाचे १८,००० रुपये. दुसरी डे-केअर, दुपारी एक ते सहा, वर्षाचे ४८,०००. शाळा आणि पाळणाघर एकाच बंगल्यात, खाली वर्ग आणि वर झोपायची खोली. मी पेन्सिलीनं पहिल्या ओळीवर खूण केली आणि कागद बाजूला ठेवला.

ती तिथंच उभी राहिली. म्हणाली, "ताई, खालची ओळ राहिली की."

"ती धरता येत नाही गं."

"पण नोकरी तर मी त्या खालच्याच ओळीवर करते हो."

मी तिला नियम सांगितला. प्राप्तिकराच्या ८०सी कलमात वजावटीला शिकवणी शुल्क चालतं, दोन मुलांपर्यंत, पूर्णवेळ शिक्षणाचं. प्राप्तिकर खात्याच्या परिपत्रकाप्रमाणे या पूर्णवेळ शिक्षणात प्ले-स्कूल, प्री-नर्सरी, नर्सरीसुद्धा येतात. पाळणाघर येत नाही. म्हणजे पोरीला सकाळी दोन तास रंग ओळखायला शिकवलं ते शिक्षण. त्यानंतर तिला मऊ भात भरवला, नाक पुसलं, थोपटून झोपवलं, उठल्यावर कपडे बदलून दूध दिलं, ते कायद्याच्या कुठल्याच खणात बसत नाही. तिनं मान हलवली आणि गेली, कारण चारची टी-ब्रेकची घंटा झाली होती. मी मात्र उगाचच कॅल्क्युलेटर ओढला. ती जुन्या, म्हणजे ८०सीसारख्या वजावटी मिळणाऱ्या करपद्धतीत, वीस टक्क्यांच्या टप्प्यात. दुसऱ्या ओळीची स्वतंत्र वजावट असती तर सेससकट तिचे ९,९८४ रुपये वाचले असते. पाळणाघराचे जवळजवळ अडीच महिने.

ही पावती माझ्या डोक्यातून जाईना, त्याला कारण माझं कामच आहे. हिशेबात पहिला धडा असा की, उत्पन्न मिळवण्यासाठी जे खर्चावं लागतं ते उत्पन्नातून वजा होतं. आमच्या कंपनीच्या पुस्तकात भट्टीची वीज खर्चाला पडते, वाळू पडते, आणि मागच्या अंगणात भंगार पडलेलं असतं त्याच्यावर रात्रभर नजर ठेवणाऱ्या वॉचमनचा पगारही पडतो. त्यात गैर काहीच नाही, धंद्याला तो लागतोच. पण भंगार राखणारा माणूस खर्चात बसतो आणि पोर राखणारी बाई बसत नाही, हे मी इतकी वर्षं रोज लिहीत होते आणि शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. पगारदाराला खर्च वजा करायची सोयच नाही; त्याला सरसकट प्रमाणित वजावट मिळते, जुन्या पद्धतीत ५०,००० आणि नव्यात ७५,०००. ज्याच्या घरी पाळण्यात पोर आहे त्यालाही तेवढीच आणि ज्याची पोरं अमेरिकेत नोकरी करतात त्यालाही तेवढीच.

सरकार जे वजा करत नाही ते घर मात्र न चुकता वजा करतं. "तुझ्या पगारातनं पाळणाघर गेलं, गाडीचं पेट्रोल गेलं, संध्याकाळी बाहेरनं आणलेल्या भाजी-पोळीचे गेले, मग राहिलं काय हातात?" हे वाक्य मी राजारामपुरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात ऐकलं आहे, कसबा बावड्यात माझ्या मावसबहिणीकडे ऐकलं आहे, आणि ते बोलणारी माणसं वाईट नव्हती. आमच्या काळजीपोटीच बोलत होती. फक्त पाळणाघराचे पैसे नेहमी आईच्या पगारातून वजा होतात. बापाच्या पगारातून वजा करून त्यानं नोकरी करावी की नाही असं कुणी विचारलेलं माझ्या ऐकण्यात नाही. माझ्याबरोबर लागलेल्या दोघी याच वजाबाकीनं घरी बसल्या. एकीला आता परत यायचं आहे, पण सात वर्षांचा खंड पडलेल्या बाईला जुन्या पगाराच्या निम्मासुद्धा कुणी देत नाही. ती वजाबाकी करताना हे नुकसान कुणीच मांडलं नव्हतं.

माझी आई महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो. सकाळी साडेदहाला ती मला वाड्यातल्या आक्कांच्या उंबऱ्यात सोडायची आणि चपला घालता घालता सांगायची, "दोन वाजता भात घाला, ताक नको, खोकला आहे." आक्कांची खोली अंधारी, शेणानं सारवलेली, एका कोपऱ्यात चूल आणि दुसऱ्या कोपऱ्यात गोधड्यांची चळत. त्या गोधड्यांना धूर आणि एरंडेलाचा मिळून एक वास यायचा. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगायची आणि तिचा पापुद्रा काढून त्या त्यात मीठ-तेल भरून माझ्या हातात द्यायच्या. त्यांना महिन्याला किती मिळायचे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आई गेल्यावर तिच्या खर्चाच्या वह्या मिळाल्या. प्रत्येक महिन्याच्या पानावर सगळ्यात वर, वाण्याच्याही आधी, दूधवाल्याच्याही आधी, 'आक्का' लिहिलेलं. दिवाळीच्या महिन्यात पुढे 'लुगडं'. तिच्या पगारातून पहिला पैसा तिथं जायचा, कारण आक्का आजारी पडल्या तर शाळेत रजेचा अर्ज द्यावा लागायचा. तिला ही ओळ बरोबर कुठं लिहायची ते माहीत होतं.

आक्कांना कधी कुणी पावती मागितली नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या नावावर पोस्टात थोडेफार पैसे होते, पेन्शन नव्हती, आणि वाड्यातली आम्ही पाच-सहा पोरं त्यांच्या हाताखालून गेलो होतो, त्यातला एक डॉक्टर.

माझ्या मुलाच्या वेळी आम्हाला पाळणाघर चालवणाऱ्या मावशी भेटल्या, राजारामपुरीतच. दोन खोल्या आणि एक हॉल, जिन्याला लोखंडी दार, भिंतीला ओळीनं पिशव्या. डब्यांवर नावं कोरलेली. आत गेलं की डेटॉल आणि उकळलेल्या दुधाचा वास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढायला लागलं तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता आणि नवरा कामासाठी पुण्यात. मी सकाळी त्याला सोडून शिरोलीला गेले. त्या दिवसांत पाणी कसं वाढत होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. महामार्गावर पाणी आलं आणि मी शहरात परत येऊ शकले नाही. पोर त्या तीरावर, मी या तीरावर, पुण्याहून येणाऱ्या नवऱ्यालाही मध्ये तेच पाणी. हातकणंगल्याला एका सहकाऱ्याच्या घरी राहिले. रात्री फोन लागायचा नाही, लागला की मावशींचा आवाज यायचा, "बाळ जेवलंय, झोपलंय. तुम्ही पाण्यात उतरू नगा. रस्ता सुरू झाल्यावर या, मी हाय हितं." गावात दूध मिळेना, नळाला पाणी नाही, आणि त्या बाईनं माझ्या पोराला नाचणीची पेज करून घातली. रस्ता सुरू झाल्यावर मी पोचले तर तो खेळत होता, माझ्याकडे यायला त्यानं जरा वेळच लावला. त्या रात्रींचे पैसे मावशींनी घेतले नाहीत. मी पुढे वर्षभर त्यांना काही ना काही देत राहिले, तरी ते फिटलं असं मला वाटत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं निघालं की, घरचं बिनपैशाचं काम करणाऱ्या बायका दिवसाला त्यात २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. घरच्यांची देखभाल करणाऱ्या बायका १३७ मिनिटं आणि पुरुष ७५. मावशींचं काम पैशाचं होतं, म्हणून त्या या आकड्यांत नसतील. कराच्या वजावटीतही नाहीत. मग त्या कुठं मोजल्या जातात?

पाळणाघराच्या त्याच जिन्यावर एका वकील बाईंशी माझी ओळख झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून त्यांचं घरी येणं लांबलं आहे; अर्धा तास उशिराचे पैसे द्यायला त्यांनी पाकीट काढलं आणि सहज म्हणाल्या, "माझ्या ऑफिसचं भाडं खर्चात, क्लार्कचा पगार खर्चात, पुस्तकं खर्चात. हे तेवढं माझं खासगी." कायद्याच्या भाषेत तसंच आहे, व्यवसायाच्या उत्पन्नातूनही वैयक्तिक खर्च वजा होत नाही. त्यांनीच मला कॅनडातल्या एका खटल्याची गोष्ट सांगितली. एलिझाबेथ सिम्स नावाच्या वकील बाईंनी मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार व्यवसायाचा खर्च म्हणून मागितला. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९३ मध्ये सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्या हरल्या. त्यांच्या बाजूनं गेलेल्या दोघीही न्यायाधीश बायका होत्या. अर्थात कॅनडात संगोपनखर्चाची मर्यादित वजावट १९७२ पासून आहेच, सिम्स यांचं म्हणणं ती मर्यादा नको असं होतं. त्या वजावटीतही एक नियम असा की, साधारणपणे नवरा-बायकोत ज्याचं उत्पन्न कमी त्यानं ती घ्यायची. आमच्या स्वयंपाकघरातली वजाबाकी तिकडेही पोचलेली दिसते.

ब्रिटनमध्ये माझी आतेबहीण असते. तिला तिथलं सरकार वेगळ्या तऱ्हेनं मदत करतं. आईबाप दोघंही कमावते असले तर एक ऑनलाइन खातं उघडायचं; त्यात आठ पौंड भरले की सरकार दोन घालतं, मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत, आणि ते पैसे थेट नोंदणी असलेल्या पाळणाघरालाच जातात. यात मला सगळ्यात आवडलं ते हे की, पैसे मिळायला आधी भरपूर कर भरलेला असायला लागत नाही. आपल्याकडे ८०सीतल्या फीखेरीज पोरांच्या नावानं पगारदाराला २०२५-२६ पर्यंत जे होतं ते म्हणजे शिक्षण भत्त्यातली सूट, महिन्याला मुलामागे १०० रुपये, दोन मुलांपर्यंत, तीही जुन्या पद्धतीत आणि कंपनीनं तसा भत्ता दिला तरच. आज फडतरे-बावड्याची नावाजलेली मिसळ सोडा, साध्या गाड्यावरची मिसळ आणि दोन कप चहा झाले की शंभराची नोट संपते. मी नोकरीला लागले तेव्हा, २००८ मध्ये, बायकांची करमुक्त मर्यादा १,८०,००० होती आणि पुरुषांची १,५०,०००. २०१२-१३ पासून दोघांची एकच झाली. ती जादा मर्यादा गेली याचं मला फार दुःख नाही, कारण तिचा मुलांशी संबंध नव्हता. बायको गेलेला, एकट्यानं दोन पोरं वाढवणारा आमचा मेंटेनन्सचा फोरमन त्या सवलतीत कधीच बसला नसता, आणि संध्याकाळी सहाच्या आत पाळणाघर गाठायला त्याच्याइतकी धावपळ मी कुणाची बघितली नाही.

२०२६ च्या जानेवारीपासून माझ्या टेबलावर तो ढीग नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पानं नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत, कर शून्य केला. क्वालिटीतली ती मुलगीही नव्या पद्धतीत गेली. तिचा कर शून्य झाला, मला आनंद झाला, तिनं सगळ्यांना बर्फी वाटली. पण त्या गुलाबी पावतीच्या आता दोन्ही ओळी कामाच्या राहिल्या नाहीत. नव्या पद्धतीत ८०सी नाहीच, आणि पोर असो-नसो, शून्य ते शून्य. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, कलमांचे आकडे वेगळे, आमची सगळी सॉफ्टवेअरही वेगळी. पाळणाघराचं कलम त्यातही नाही. नुसती वजावट आता मागितली तर ती पावणेतेरा लाखांच्या वरच्यांनाच उपयोगी पडेल, आणि कोल्हापुरात तेवढा पगार घेणाऱ्या आया मी हाताच्या बोटांवर मोजू शकते. म्हणून मला वजावटीपेक्षा ब्रिटनसारखी थेट भर हवी आहे. ती पावतीवर मिळाली तर मावशींसारख्या बायकांनाही पावतीपुस्तक छापावंसं वाटेल. आज त्यांना त्याची भीती वाटते. "पावती फाडली की माझ्यामागं कोण कोण लागंल," असं मावशी मला म्हणाल्या होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

मग मी आमच्या कोअर शॉपमध्ये जाते तेव्हा हेही अपुरं वाटतं. तिथं वाळूचे गाभे घासायला बायका आहेत, बहुतेक कंत्राटावरच्या, आजूबाजूच्या गावांतून वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, येतात. त्यांचा आणि प्राप्तिकराचा काही संबंध नाही. पोराला कुठं ठेवता, असं विचारलं तर एकजण म्हणाली, "सकाळी अंगणवाडीत. मग मोठी असती की घरात." मोठी म्हणजे नऊ वर्षांची. अंगणवाडी दुपारी सुटते, आईची पाळी सुटायला अजून तीन-चार तास असतात, तेवढ्यासाठी मोठी शाळा बुडवते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच मुलखात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला दंड ठेवला. शंभर वर्षांनी एक पोरगी शाळेत जात नाही कारण धाकट्याला बघायला कुणी नाही, आणि तिच्या आईला दंड करून भागणार नाही हे कुणालाही दिसेल. मला राग येतो तो इथं. माझ्या ९,९८४ रुपयांचा हिशेब मांडताना मी या बाईला विसरू शकत नाही आणि तिच्याकडे बघून तो हिशेब सोडूनही देऊ शकत नाही. या बाईचं आणि क्वालिटीतल्या त्या मुलीचं, दोघींचंही दुपारचंच अडतंय.

प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. रजा सव्वीस आठवड्यांची झाली ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायचं, असंही आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच कलम होतं, आधी पन्नासपेक्षा जास्त आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त बायका कामाला असल्या तर. आमच्याकडे पन्नासच्या किती तरी वर माणसं आहेत आणि पाळणाघर नाही. "एमआयडीसीत पोरं आणतंय कोण?" हे उत्तर मी पूर्वी ऐकून घेत असे. दिवाळीनंतर मी व्यवस्थापनाला एक टिपण दिलं. कायदा पहिल्या परिच्छेदात लिहिला. दुसऱ्यात लिहिलं की, पाळणाघरावर होणारा सगळा खर्च, सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, दूध, गाद्या, कर्मचारी कल्याणाचा खर्च म्हणून कंपनीच्या नफ्यातून वजा होतो. तेच थोपटणं, तोच मऊ भात. आईनं पैसे भरले तर खासगी बाब, कंपनीनं भरले तर धंद्याचा खर्च. साहेबांनी कायद्याच्या परिच्छेदावरून नजर फिरवली आणि या दुसऱ्यापाशी थांबले. "पूर्ण वजा होतो?" म्हणाले. मी हो म्हटलं.

वजनकाट्याच्या पलीकडची जुनी टाइम-ऑफिसची खोली बघायला सांगितली आहे. तिथं भट्टीची धूळ येते, म्हणून मी त्या खोलीला नाही म्हणून कळवलं आणि कँटीनच्या मागची, लिंबाजवळची खोली मागितली. नावं गोळा करतेय. कोअर शॉपमधल्या बायकांनी आधी विचारलं, "आमी कंत्राटातल्या, आमचं चालतंय व्हय?" त्यांची नावं यादीत घातली आहेत आणि ती काढायला सांगितली तर लेखी कारण द्या, असं खाली लिहून सही केली आहे. मावशींना फोन केला. त्यांची सून यायला तयार आहे, पण पीएफ कापणार असाल तरच, असं तिनं स्पष्ट सांगितलंय.